चौथा कोपरा

साताऱ्याला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "मुंबईत गोळीबार पाहिलात का हो?" पाहिला नाही, एकदा लांबून ऐकला तेवढाच. मी मुंबईला गेले होते चित्रं छापायला. पण ती छापताना काय काय झालं हे सांगायला लागले की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो आणि माझंही अर्धं सांगायचं राहून जातं. म्हणून हे सगळं एकदा लिहूनच काढते.

मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. बारा वर्षं कंपास आणि गुण्या हातात धरून मी मुलींकडून नक्षी काढून घेतली. एक पाकळी डावीकडे तर तशीच उजवीकडे. पाकळी चुकली की मार्क कापायचे. दोन वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी चित्रं काढू लागले, आणि त्यांतून आधी पानं गेली, मग फुलं, मग माणसं. उरले ते नुसते पट्टे, चौकोन आणि वर्तुळाचे तुकडे. घरी कुणाला दाखवायची सोय नव्हती. दादा म्हणाला, "फरशी घालायची आहे का कुठे?"

माझी कलाशाळेतली मैत्रीण लिली गिरगावात राहते. तिनं लिहिलं, "आमच्या घरातली पुढची खोली चार दिवस तुझी. चित्रं घेऊन ये. छापणारा मी बघून ठेवलाय." मी शाळेतून आठ दिवसांची रजा घेतली. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं, मुंबई वेगळी काढणार म्हणून माणसं रस्त्यावर उतरली होती, हे मी वर्तमानपत्रात वाचत होते. तरी गेले. माझं आणि त्या आंदोलनाचं काही देणंघेणं नाही असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

खोताची वाडी

लिलीचं घर लाकडी आहे. पुढे बसायला व्हरांडा, बाहेरच्या अंगानं जिना, आणि गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं. आमच्या साताऱ्याला दिवेलागणीला दारं लोटून घेतात. इथे एरवी त्याच वेळेला माणसं दारात येऊन बसतात, असं लिली म्हणाली. त्या आठवड्यात मात्र खिडक्या अर्ध्याच उघड्या होत्या. कुठे पळापळ झाली की एका घरातून दुसऱ्या घरात "आत व्हा" असा निरोप जायचा, आणि दोन मिनिटांत गल्ली रिकामी व्हायची.

लिलीनं फुगे तळले होते. मैद्याचे, आमच्या भज्यांपेक्षा मोठे आणि आत पोकळ. ते खात खात मी तिला लिनोचा, म्हणजे रबरासारख्या मऊ तुकड्याचा, ठसा दाखवला. वीतभर लांब, वीतभर रुंद. त्यावर मी एक जाड कमान, तीन सरळ पट्टे आणि कोपऱ्यात एक काळा चौकोन कोरला होता. हा एकच ठसा एका कागदावर चार वेळा उमटवायचा, आणि दर वेळी कागद पाव फेरा फिरवायचा. म्हणजे चार कमानी मिळून मध्ये एक वर्तुळ होतं, आणि कागद कुठूनही बघितला तरी सारखाच दिसतो. फक्त चौथ्या वेळी मी ठसा मुद्दाम उलटा लावायचं ठरवलं होतं. मग वर्तुळ मिटत नाही. तीन कोपरे एका चालीनं चालतात आणि चौथा पाठ फिरवतो.

"का गो असं?" लिलीनं विचारलं.

"सांगता येत नाही. बरोबर केलं की चित्र तिथंच संपतं."

ती बराच वेळ माझा कच्चा नमुना बघत राहिली. "हा कोपरा टोचतो मला," ती म्हणाली. "राहू दे तसाच."

लालबाग

छापणाऱ्याचं नाव भिकाजी राणे. मूळचे मालवणकडचे, पन्नाशीचे, शाईनं काळी झालेली बोटं. चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत हातानं ओढायचं छापयंत्र आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, पेट्या, मागच्या खोलीत संसार. यंत्राला शाई लावायला त्यांची बायको सुमतीवहिनी असायची. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, भजनी मंडळाची पत्रकं, हे त्यांचं नेहमीचं काम. चित्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा छापायला घेतलं होतं, आणि घेतल्याक्षणीच ते त्यात गुंतले. शाई पातळ झाली, कागद जरा ओलसर हवा, दाब कमी पडला, हे मला कळायच्या आत त्यांना कळायचं.

तीन कोपऱ्यांपर्यंत आमचं छान जमलं. चौथ्यासाठी मी ठसा उलटा लावायला सांगितला, तेव्हा त्यांनी हात थांबवला.

"बाई, हे चुकतंय."

"नाही हो, मुद्दाम आहे."

"मुद्दाम कोण चुकवतं? माझ्या यंत्रावरून आजवर वाकडी ओळ बाहेर गेली नाही. लोक म्हणतील राण्यानं उलटा लावला."

"मी सांगेन ना लोकांना."

"तुम्ही साताऱ्याला जाल," ते म्हणाले. "मी हितंच राहणार."

शेवटी वहिनी मधे पडल्या. "त्येंचा चित्र आसा, त्येंका काय व्हया ता छापा," असं मालवणीत सुनावून त्यांनी ठसा स्वतःच्या हातानं फिरवला. भिकाजींनी तोंड बंद ठेवून वीसच्या वीस कागद छापले. एकही डाग नाही. पण प्रत्येक कागद दोरीवर वाळत घालताना ते त्या कोपऱ्याकडे असं बघत, जसं कुणी सदऱ्याच्या तुटलेल्या गुंडीकडे बघतं.

दोन दिवस मी तिथेच जेवले. बांगड्याचं तिखलं आणि भात. आमच्याकडे मासे बाजाराच्या दिवशी मिळाले तर मिळाले, त्यामुळे काटे काढण्याचा हात मला नाही. दुसऱ्याच घासाला घशात काटा अडकला. वहिनींनी कोरड्या भाताचा मुटका माझ्या तोंडात कोंबला आणि पाठीत अशी थाप मारली की काटा गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. भिकाजी त्यानंतर पहिल्यांदा हसले.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पाच वाजले की ते मला काढून द्यायचे. "उजेडात पोचा," म्हणायचे. मी गेल्यावर यंत्र बंद होत नसावं. सकाळी यावं तर ताजी शाई लागलेली असायची. मी विचारलं नाही.

चिंचपोकळीचा पूल

तिसऱ्या दिवशी कागद वाळले. सकाळी मी लालबागला पोचल्यावर कर्फ्यू लागला होता, तो दुपारी दोन तास उठणार होता. बस नव्हती, ट्राम नव्हती. भिकाजी म्हणाले, "एकट्या नको. मी गिरगावापर्यंत येतो." वीस कागदांची गुंडाळी त्यांनी काखेत धरली आणि आम्ही निघालो. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर विटांचे तुकडे आणि काचा. माणसं भिंतीच्या कडेकडेनं भराभर चालत होती. एवढ्या मोठ्या रस्त्यावर स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येतो, हे मला फार विचित्र वाटलं.

पुलाच्या अलीकडे पोलिसांनी रस्ता अडवला होता. एका बंद दुकानापुढे टेबल मांडून एक इन्स्पेक्टर बसला होता. तीन दिवस झोपला नसावा, डोळे लाल होते. हवालदारानं गुंडाळी उघडली आणि त्याच्यापुढे ठेवली.

इन्स्पेक्टरनं वरचा कागद उचलला. "कसला नकाशा आहे हा?"

"नकाशा नाही, चित्र आहे," मी म्हणाले.

"कशाचं?"

कशाचंच नाही, असं खरं तर उत्तर होतं.

त्यानं बोट ठेवलं. "हे रस्ते. ह्या चाळी. हा गोल म्हणजे नाका. बरोबर? आणि एकसारखे वीस. वाटायला."

"साहेब, नकाशाला वरची बाजू असते, खालची असते," मी म्हणाले. माझा आवाज वर्गात शिकवताना असतो तसा निघाला, त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. "हा कागद कसाही फिरवा. एकच ठसा चारदा छापलाय. कुठूनही सारखाच दिसेल."

हे बोलून झालं आणि मग मला चौथा कोपरा आठवला. मी म्हणाले ते खरं नव्हतं.

त्यानं कागद फिरवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग टेबलावर ठेवला आणि पेन्सिलीचं टोक नेमकं चौथ्या कोपऱ्यावर टेकवलं.

"हा सारखा नाही. तीन एका बाजूला तोंड करून आहेत, हा एक उलटा. ह्या ठिकाणी काय आहे?"

"काही नाही. मी मुद्दाम तसं..."

"मुद्दाम?" त्यानं मान वर केली. "खूण आहे म्हणजे."

बाजूला उभे असलेले दोन शिपाई जवळ आले. मी पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात भिकाजी पुढे झाले.

"साहेब, बाईंना छपाईतलं कळत नाही. चूक माझी आहे. चौथ्या वेळी ठसा उलटा लागला माझ्याकडून. वीसच्या वीस खराब केले. बाई रागावतील म्हणून मी त्यांना म्हटलं, असंच छान दिसतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ज्या माणसानं दोन दिवस त्या एका कोपऱ्यावरून माझ्यावर राग धरला होता, तो चार लोकांत मान खाली घालून ती चूक स्वतःची म्हणत होता. मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणंच होतं.

इन्स्पेक्टरनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "ठसा कुठे आहे?"

"लालबागला. माझ्या छापखान्यात."

"तू इथे बस. बाई हवालदाराबरोबर जातील. त्याच्यासमोर एक कागद छापून आणा, सरळ करून. चारी बाजूंनी सारखा निघाला तर सोडतो. नाही निघाला तर बघू."

भिकाजींचा चेहरा पांढरा पडला. चूक कबूल करताना पडला नव्हता तेवढा. ते मला म्हणाले, "बाई, बायकोला सांगा, यंत्रावर लग्नपत्रिका चढवलेली आहे. ती आधी उतरव, मग तुमचा ठसा लाव."

सकाळी मी तिथेच होते. यंत्रावर लग्नपत्रिका नव्हती.

पुन्हा लालबाग

हवालदाराचं नाव मोरे. चाळिशीचा, उंच, चालताना बोलत नव्हता. चाळीच्या गॅलऱ्यांतून माणसं आमच्याकडे बघत होती. कुणीतरी वरून काहीतरी ओरडलं. तो वर न बघता म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या डाव्या बाजूनं चाला. दगड आला तर उजवीकडून येईल."

थोड्या वेळानं आपणहून म्हणाला, "नायगावला राहतो आम्ही. पोलिसांच्या खोल्या, पण शेजार सगळा गिरणीतला. आठ दिवस झाले, माझ्या बायकोशी नळावर कुणी बोलत नाही."

मी त्याच्या डाव्या बाजूनं चालत राहिले.

छापखान्याचं दार आतून लावलेलं होतं. मी हाक मारली. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. दार उघडलं, वहिनींनी आधी मला पाहिलं, मग माझ्या मागची टोपी. मी घाईघाईनं म्हणाले, "वहिनी, ते पुलापाशी आहेत, ठीक आहेत. आपल्याला एक चित्र छापून न्यायचंय. लग्नपत्रिका आधी उतरवा म्हणालेत."

"होय तर," म्हणाल्या. "उतरवतंय."

पण उशीर झाला होता. मोरे आत आला होता. यंत्राच्या पाटावर शिशाच्या खिळ्यांची जुळवलेली चौकट पडलेली होती, वर ओली शाई. पानभर मजकूर, आणि वर एक ओळ मोठ्या अक्षरात. खिळ्यांची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतात, सवय नसेल तर वाचता येत नाहीत. तेवढाच आधार होता.

"काय हे?" मोरेनं विचारलं.

"लग्नपत्रिका," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. हात मात्र पदरात होते.

तो वाकला. मला वाटलं, वरवर बघून सोडेल. पण त्यानं बोट पुढे केलं आणि मोठ्या ओळीवरून, शाईला न लावता, हळूहळू सरकवत नेलं. उजवीकडून डावीकडे. ओठ हलत होते. मीही त्याच्या बोटाबरोबर वाचत गेले. पहिला शब्द 'मुंबईसह'. पुढचं वाचायची गरज नव्हती. त्या दिवसांत तसं पत्रक छापणं म्हणजे थेट तुरुंग.

बोट ओळीच्या टोकाला जाऊन थांबलं. घरात चुलीवर भात शिजत होता, त्याच्या झाकणाचा आवाज तेवढा येत होता. भिकाजी पुलापाशी, वहिनी इथे, आणि मध्ये हा माणूस. मी तेव्हा देवाचं नाव घेतलं की नाही हे मला आठवत नाही.

मोरे सरळ झाला. टोपी काढून कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली.

"मोठं लग्न दिसतंय," तो म्हणाला. "झाकून ठेवा. धूळ बसते." आणि दारात जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

वहिनींनी चौकट उतरवली. दोघींनी मिळून ठसा लावला. त्या शाई लावायच्या, मी दांडा ओढायची. पहिल्या दोन वेळा कागदाची कड मला नीट बसवता येईना. एक कागद वाया गेला. दुसऱ्यावर पहिला कोपरा उमटला, दुसरा, तिसरा. चौथ्याला ठसा तसाच ठेवला, फिरवला नाही. कागद उचलला तेव्हा चार कमानी एकमेकींना मिळून पुरं वर्तुळ झालं होतं. खरं सांगायचं तर ते सुंदर दिसत होतं. शांत. माझ्या वर्गातल्या मुलींपैकी कुणी काढलं असतं तर मी पैकीच्या पैकी दिले असते.

ओली शाई, गुंडाळता येईना. मोरेनं दोन्ही तळहात पसरले आणि कागद त्यावर घेतला. त्या उजाड रस्त्यानं एक हवालदार ओलं चित्र आरतीच्या ताटासारखं सांभाळत चालला होता. गॅलरीतून या वेळी कुणी ओरडलं नाही.

इन्स्पेक्टरनं कागद चार वेळा फिरवला, पाचव्यांदाही फिरवला. "हां," म्हणाला. "आता बरोबर आहे." भिकाजींना सोडलं. आधीचे वीस कागद मात्र ठेवून घेतले. "चुकलेले कशाला हवेत तुम्हाला?"

परतताना भिकाजी म्हणाले, "तुम्हाला न विचारता तुमच्या चित्राला चूक म्हटलं. राग मानू नका." मी रडले. रस्त्यातच.

गिरगाव आणि दादर

प्रदर्शन झालं. त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी पुन्हा सहा कागद छापले, चौथा कोपरा मी सांगितला तसा, वाद न घालता. आणि तो सरळ छापलेला एक, जो परत मिळाला होता. लिलीच्या पुढच्या खोलीत मी सातही लावले. कर्फ्यूमुळे चार दिवसांत पंचवीस-तीस माणसं आली असतील, बहुतेक गल्लीतलीच. त्या सरळ छापलेल्या चित्रापुढे सगळे आधी थांबायचे, "हे छान," म्हणायचे. आणि मग बाकीच्यांपुढे जास्त वेळ उभे राहायचे. का, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी वहिनी एकट्याच आल्या. लालबागहून चालत. चप्पल काढून उंबऱ्यातच बसल्या.

"काल संध्याकाळी पोलिसांनी नेलानी त्येंका," म्हणाल्या. "लोअर परळात. सायकलीवर पत्रकांचो गठ्ठो गावलो."

मोरेचा त्यात हात नव्हता, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. उलट तोच घरी येऊन कुठल्या कोठडीत ठेवलंय ते सांगून गेला होता, अंगावर वर्दी न घालता.

"आता काय करणार तुम्ही?" मी विचारलं.

"यंत्र चालू ठेवतलंय. पण दांडो ओढूक माका एकटीक जमणा नाय."

माझं दादरहून गाडीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. लिलीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग मी पिशवी उचलली आणि वहिनींबरोबर निघाले.

आठ दिवस राहिले मी लालबागला. वहिनी खिळे जुळवायच्या, शाई लावायच्या, मी दांडा ओढायची. एकदा त्यांनी मलाही एक ओळ जुळवायला दिली. सगळी अक्षरं उलटी लावायची, हे माहीत असूनही मी दोन सुलटी लावली. आम्ही काय छापलं ते इथे लिहीत नाही. खूप छापलं. ते कोण घेऊन जायचं, कुठे जायचं, हे मला ठाऊक नव्हतं आणि वहिनींनी सांगितलंही नाही. खांदा इतका दुखायचा की भाताचा घास उचलायला डावा हात लावावा लागे.

नवव्या दिवशी सकाळी भिकाजी सुटून आले. दाढी वाढलेली, एक पाय ओढत होते. त्यांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग दोरीवर वाळणाऱ्या कागदांकडे. एक कागद हातात घेऊन उजेडात धरला. "दाब जरा जास्त झालाय," म्हणाले. "पण ओळ सरळ आहे." त्याच दुपारी त्यांनी मला दादरला गाडीत बसवून दिलं.

शाळेत रुजू झाले तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी रजेचं पुस्तक पुढे केलं. आठ दिवसांची रजा मंजूर, वर नऊ दिवस विनापरवानगी. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? त्या म्हणाल्या, "आजारी होतात असं लिहा. सगळेच लिहितात."

मी दौत जवळ ओढली आणि लिहिलं, 'छपाईचं काम होतं.' बाईंनी ते वाचलं, माझ्या काळ्या नखांकडे पाहिलं, आणि खाली सही केली.